सात क्लब फिरलेली राइट बॅक: याला धरसोड म्हणायचं का?

टॉवेलवाली_आत्या

नमस्कार मंडळी. मी एरवी वाचनमात्र असते, आज भाचीपायी धागा काढतेय.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. खाली भावाचे माग, वर आम्ही. भाची दिवसभर गच्चीच्या भिंतीवर बॉल मारत असते, पण मागांच्या खडखडाटात तो आवाज कुणाला ऐकूच येत नाही, म्हणून शेजारी गप्प. सातवीत आहे, बारा पूर्ण झाली. दोन वर्षं मुलांबरोबर फुटबॉलचा सराव केला, राइट बॅकला, म्हणजे मागं उजव्या बाजूला, खेळायची. गेल्या महिन्यात तिथल्या सरांनी भावाला बोलावून सांगितलं, "आता मोठी झाली. मुलांत नको. मुलींची टीम झाली की कळवतो." ती टीम कधी होणार हे त्यांना तरी ठाऊक असेल का, शंकाच आहे.

तिच्या टेबलावर इंग्लंडच्या ल्यूसी ब्राँझ या फुटबॉलपटूचं चित्र चिकटवलेलं आहे, झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत काढून आणलेलं. परवा आईनं, म्हणजे तिच्या आज्जीनं, विचारलं ही कोण. पोरीनं हौसेनं तिचे क्लब बोटांवर मोजून दाखवले: संडरलँड, एव्हर्टन, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, लियॉन, मग परत सिटी, बार्सिलोना, आता चेल्सी. आई म्हणाली, "अगं, एका जागी टिकलीच नाही की. धरसोड दिसतेय ही बाई." झालं! पोरगी न जेवता झोपली.

मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. आईला काय उत्तर द्यायचं ते सांगा. आणि मुलांतून काढलेल्या मुलीनं पुढं काय करायचं, तेही.

कडकभाकरी

आज्जींना दंडवत. मी पाच कंपन्या बदलल्या तेव्हा सासरेबुवांनी हाच शब्द वापरला होता.

ब्राँझबाईंचं मला एकच माहितीय, तिचं मधलं नाव 'टफ' आहे. खोटं नाही, आईचं माहेरचं आडनाव आहे ते. काय नशीब असतंय बे एकेकाचं. बाकी जाणकार सांगतीलच, मी शेंगाचटणी घेऊन बसलोय.

हुतात्मा_एक्सप्रेस

आत्या, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण भाचीनं चित्र कुणाचं लावलंय ते बघा. ब्राँझलाही बाराव्या वर्षी असंच काढलं होतं.

इंग्लंडच्या पार उत्तरेकडची मुलगी. जन्म १९९१ चा, बेरिक गावचा. वडील पोर्तुगीज, आई इंग्रज. लहानपणाचा काही काळ होली आयलंड नावाच्या बेटावर गेला. भरती आली की तिथला रस्ता पाण्याखाली जातो, ओहोटीची वाट बघायची मग बाहेर पडायचं. नंतर अ‍ॅल्निक गावात मुलांच्या टीमकडून खेळायची. तेव्हाच्या इंग्लिश फुटबॉल संघटनेचा नियम असा की त्या वयानंतर मुलामुलींनी एकत्र खेळायचं नाही. चांगली खेळते का वाईट, हा प्रश्नच नव्हता. वाढदिवस आला, संपलं. (पुढं त्यांनी ती मर्यादा बरीच वर चढवली, पण तोवर हिचं बालपण संपलेलं.) मग मुलींची टीम शोधली, तिथून संडरलँडच्या अकादमीत.

सोळाव्या वर्षी संडरलँडच्या मुख्य संघात. २००९ ला एफए कप या इंग्लंडमधल्या क्लबांच्या स्पर्धेच्या फायनलला संडरलँड आर्सेनलकडून २-१ हरलं, तरी सामन्यातली सर्वोत्तम खेळाडू कोण, तर हरलेल्या संघातली ही सतरा वर्षांची पोरगी. त्याच वर्षी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात गेली, तिथं कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि २०१० ला परत आली. मग एव्हर्टन.

आता धरसोडीचं. मला विचाराल तर एव्हर्टनची वर्षं सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही. गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. लीड्सला कॉलेज, एव्हर्टनला सराव, मधल्या वेळात पिझ्झाच्या दुकानात नोकरी. इंग्लंडच्या महिला फुटबॉलमध्ये तेव्हा पगारावर पोट भरेल अशा मोजक्याच मुली. आज्जींना हे सांगा. दुकान सोडलं नसतं तर आज ती पिझ्झाच विकत असती.

जुळे_सोलापूर_४

भावनेत वाहू नका. सिटी, लियॉन, बार्सा, चेल्सी ही नावं बघितली तरी कळतंय, जिकडं पैसा तिकडं ही. पुरुषांत आपण अशांना शिव्या देतो, बाईला 'प्रेरणादायी' म्हणायचं का? माझा मुलगा पण खेळतो, त्याला मी सांगतो एक क्लब धर आणि तिथंच नाव कर.

हुतात्मा_एक्सप्रेस

@जुळे_सोलापूर_४ पैसा नको होता असं मी म्हणत नाही. पिझ्झाच्या दुकानात उभी राहिलेली बाई पैशाला नाही म्हणेल असं वाटतच नाही, आणि म्हणूही नये. पण तुमच्या यादीत लिव्हरपूल कुठं आहे?

२०१२ संपता संपता ती लिव्हरपूलला गेली. त्या वेळी लिव्हरपूल लीगमध्ये २०११ ला शेवटून पहिलं, २०१२ लाही शेवटून पहिलं. अशा संघात कोण जातं? पण क्लबनं मुलींना पूर्णवेळ खेळाडू म्हणून ठेवायचं ठरवलं होतं आणि ती गेली. २०१३ ला लीग जिंकली. २०१४ ला शेवटच्या दिवशी फक्त गोलफरकावर चेल्सीला मागं टाकून पुन्हा जिंकली. त्याच हंगामात बाकीच्या खेळाडूंनी मतं देऊन तिला वर्षातली सर्वोत्तम ठरवलं. बचावपटूला! फॉरवर्डचे गोल मोजता येतात, बॅकचं काय मोजणार? तिच्यासमोर खेळून ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांनाच ते माहीत असतं.

सिटीचं पण ऐका. २०१६ च्या लीगमध्ये १६ सामने, एकही हार नाही, आणि सगळ्या हंगामात मिळून गोल खाल्ले किती, तर ४. चार! आपल्या पार्क मैदानावर पहिल्या हाफमध्ये तेवढे होतात. पुढच्या वर्षी वेम्ब्लीवर एफए कपची फायनल, बर्मिंगहॅम सिटीविरुद्ध ४-१, आणि पहिला गोल हिचा.

आता एक गोष्ट जरा नीट बघा. २०२० ला लियॉन सोडलं, २०२२ ला सिटी सोडलं, २०२४ ला बार्सिलोना सोडलं. तिन्ही वेळा करार संपवून गेली. अर्ध्यात सोडून नाही. आमच्याकडं मुकादम काय म्हणतो, उचल फेडून गेलेला माणूस पळून गेलेला नसतो. धरसोड म्हणजे अर्धवट टाकणं. हिनं काय अर्धवट टाकलं?

कडकभाकरी

उचलीची उपमा बघून डोळे पाणावले. यंत्रमागवाल्यांच्या घरात हे बरोबर पोचणार.

रंकाळा_लेफ्टआउट

सोलापूरकरांनो, कोल्हापूरचा माणूस मधी तोंड घालतोय, माफी असावी.

आमच्याकडं पेठ सोडून दुसऱ्या तालमीकडनं खेळलं की चुलतं-मालतं बोलायचं बंद करतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाची मॅच एकदा बघा, मग क्लब म्हणजे काय ते कळंल. त्यामुळं माझा कौल आज्जींना.

आणि पुरावा देतो. वेंडी रेनार. हिनं एक क्लब धरला आणि तोच मोठा केला. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरची पोर. फ्रान्सच्या राष्ट्रीय अकादमीत चाचणी दिली, घेतली नाही. २००६ ला लियॉननं घेतली, सोळाची होती. तेव्हापासनं लियॉन एके लियॉन. उंची १.८७ मीटर, सेंटर बॅक, कॉर्नर आला की हिचंच डोकं सगळ्यात वर. बॅक असून क्लबसाठी शंभराच्या वर गोल. चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, आठ वेळा! २०११, २०१२, मग २०१६ ते २०२० सलग पाच आणि २०२२. ब्राँझनं लियॉनला जी तीन जिंकली त्यात तिच्या शेजारी कप्तान कोण होती? रेनार.

आता सांगा, कुणाचं चित्र लावायचं?

जुळे_सोलापूर_४

@रंकाळा +१. हेच म्हणतोय मी.

हुतात्मा_एक्सप्रेस

रेनारबद्दल वाद नाही, मी तिचा भक्तच. पण लियॉनला असलेल्या मुलीनं लियॉन सोडायचं कशाला? जगातला सगळ्यात चांगला संघ तिच्या दारात होता. सोडून जाणार कुठं? अ‍ॅल्निकच्या मुलीच्या दारात काय होतं?

ब्राँझ २०१७ ला लियॉनला गेली ती इंग्लंडमध्ये सगळं जिंकून. वय पंचवीस, दोनदा देशातली सर्वोत्तम खेळाडू. इथं राहिली असती तर महाराणी. तिथं जाऊन काय झालं, तर रोज सकाळी सरावाला समोर हेगरबर्ग, ल सोमेर, मारोझान. सामन्यात कधी तरी भेटणारी माणसं रोज अंगावर. बॅकला याहून मोठी शाळा नाही. २०१८, २०१९, २०२०, तिन्ही वर्षं युरोपचं विजेतेपद. २०१८ च्या सेमीफायनलला समोर तिचीच जुनी सिटी. पहिला सामना गोलशून्य, दुसऱ्यात लियॉनचा एकच गोल, हवेतला बॉल तसाच मारलेला. मारला ब्राँझनं. २०१९ ला यूएफाची (युरोपची फुटबॉल संघटना) वर्षातली सर्वोत्तम खेळाडू, हा मान मिळालेली पहिली बचावपटू.

पीटीच्या_बाई

मी एका शाळेत चौतीस वर्षं पीटी शिकवली, आता निवृत्त. तुम्हा लोकांचं क्लबपुराण वाचत होते. पदकं मोजताय सगळे, पण राइट बॅक करते काय हे त्या आजीला कुणी सांगितलं का? त्याशिवाय कसं पटेल तिला?

आत्याबाई, आईंना कबड्डी कळत असेल. उजवा कोपरा असतो ना, चढाईवाला आत आला की घोटा धरायला पहिला सरकतो तो. सरकला आणि पकड फसली तर स्वतः बाद, वर मागची जागा मोकळी. राइट बॅक म्हणजे तो कोपरा, फक्त पळायचं शंभर मीटर. पुढं जाऊन बॉल आत टाकायचा आणि बॉल गेला की आपल्या गोलपर्यंत उलटं पळत यायचं. ब्राँझचं नाव झालं ते या पुढं जाण्यामुळं. आणि बोल खाल्ले तेही त्यामुळंच.

तिच्या चुकाही सांगा भाचीला, त्या जास्त कामाच्या. २०२३ ची चॅम्पियन्स लीग फायनल, बार्सिलोना विरुद्ध वोल्फ्सबर्ग. तिसऱ्याच मिनिटाला ब्राँझच्या पायातला बॉल पायोरनं काढून घेतला आणि थेट गोल. मध्यंतराला ०-२. मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं पहिला कुणामुळं झाला. मग बार्सिलोनानं तीन गोल मारले, ३-२, कप घेतला. त्याच उन्हाळ्यात विश्वचषकाची फायनल, इंग्लंड विरुद्ध स्पेन. ब्राँझ बॉल घेऊन मधल्या भागात घुसली, अडली, बॉल गेला. तिनं सोडलेल्या बाजूनंच स्पेनची चाल आली, कार्मोनानं गोल मारला, ०-१, संपलं. एका चुकीवर पडदा पडला, दुसरी जन्मभर दाखवत राहतील. खेळ तोच, पुढं जायची सवय तीच.

आणि पुढच्या वर्षी बिल्बाओला बार्सिलोनाकडून परत फायनल, समोर तिचं जुनं लियॉन. २-० नं जिंकली. म्हणजे युरोपचे पाच कप: तीन लियॉनचे, दोन बार्सिलोनाचे.

माझ्या मुलींना मी सांगायची, बॅकला टाळ्या नसतात, बोलणी असतात. ज्यांना चालेल त्यांनीच मागं उभं राहा.

टॉवेलवाली_आत्या

बाई, कबड्डीचं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग तसं सांगायचं ना आधी." लहानपणी ती पण कोपऱ्याला खेळायची म्हणे. साठ वर्षांत हे आम्हाला आज कळलं!

चुकांचं मात्र भाचीला ठाऊक होतं. पायोरचा गोल तिनं मला मोबाईलवर दाखवला, तीन वेळा.

पण एक अजून अडतंय. आई म्हणते, हे सगळं गोऱ्यांचं. आपल्याकडच्या मुलीला कोण क्लब देतंय?

पीटीच्या_बाई

देतात. मणिपूरची आशालता देवी बघा, सेंटर बॅक, भारताची कप्तान राहिलेली. सेतू, गोकुलम केरळ, ईस्ट बंगाल. हे तिन्ही संघ ती असताना भारतीय महिला लीग जिंकलेत.

आणि आता त्या 'धरसोड' शब्दाकडं परत येते. आपल्याकडं मुली क्लब का बदलतात माहीत आहे? ही लीग २०१६-१७ ला सुरू झाली, पण कित्येक वर्षं सगळे संघ एकाच गावात बोलवायचे, काही आठवड्यांत स्पर्धा उरकायची. हंगाम संपला की करार संपला. पुढच्या वर्षी कोण बोलावतंय बघायचं. घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर आलटून पालटून सामने २०२३-२४ पासून आले. अशा लीगमध्ये एका क्लबला धरून बसायचं म्हणजे हवेला धरून बसायचं. @जुळे_सोलापूर_४, तुम्ही मुलाला जे सांगता ते मुलीला सांगून बघा.

गोकुलमचं तर फार वाईट झालं होतं. ऑगस्ट २०२२, आशिया खंडातली क्लब स्पर्धा उझबेकिस्तानात. आशालताच्या मुली ताश्कंदला जाऊन पोचल्या आणि तिकडं फिफानं भारतीय महासंघाला निलंबित केलं. खेळूच दिलं नाही. न खेळता परत. निलंबन त्याच महिन्याच्या अखेरीस उठलं, पण स्पर्धा निघून गेली. यात त्या मुलींची काय चूक होती?

जुळे_सोलापूर_४

ताश्कंदचं माहीत नव्हतं. वाईट वाटलं. मुलींचं वेगळं असतं हे मान्य. पुरुषांबद्दल माझं मत तेच आहे.

कडकभाकरी

इतिहासात नोंद करा, या संस्थळावर कुणीतरी मत अर्धं बदललं.

रंकाळा_लेफ्टआउट

बाई, तुमच्यासारखी पीटी आमच्या शाळंत असती तर मी लेफ्ट आउट नाही, लेफ्ट बॅक झालो असतो.

बरं, चेल्सीचं कुणीच सांगितलं नाही. २०२४ ला गेली तेव्हा ब्राँझ बत्तीस पार. आम्ही म्हटलं, आता पेन्शन. पहिल्याच हंगामात लीग, एफए कप, लीग कप, तिन्ही. लीगमध्ये २२ सामने, एकही हरले नाहीत. ३० एप्रिल २०२५ ला मँचेस्टर युनायटेडकडं जाऊन १-० जिंकले आणि तिथंच लीग खिशात. गोल कुणाचा? कॉर्नरवर हेडर, ब्राँझ. रेनारकडनं शिकली असणार, हे आपलं माझं.

पण सगळं गोड नाही. युरोपात त्याच महिन्यात बार्सिलोनानं दोन्ही सामन्यांत ४-१, ४-१ असं धुतलं. जुन्या घरच्यांनी.

हुतात्मा_एक्सप्रेस

आणि त्याच वर्षी जुलैमध्ये इंग्लंडकडून युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, जिंकली, पूर्ण स्पर्धा नडगीचं हाड मोडलेल्या अवस्थेत खेळून. क्लबचा विषय नाही म्हणून एवढंच. भाचीनं हे अनुकरण करू नये, पाय दुखला की सांगायचं!

पीटीच्या_बाई

बरोबर. दुखणं लपवलं तर मी मैदानात घेत नसे.

आता कामाचं. आत्याबाई, मुलांच्या टीमच्या नादाला लागू नका, 'कळवतो' म्हणणारे कळवत नाहीत. शाळेच्या बाईंना भेटा. शालेय स्पर्धेत मुलींचे १४, १७, १९ वर्षांखालचे गट असतात. जिल्ह्यातून विभाग, विभागातून राज्य. सुब्रतो कप या शाळांच्या फुटबॉल स्पर्धेला मुलींचा १७ खालचा गट आहे. अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून शाळा राजी हवी. राजी नसेल तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मुलीला बरोबर घेऊन जा. एकटा बाप गेला की समजूत घालून पाठवतात, पोरगी बॉल काखेत मारून उभी राहिली की जरा अवघड जातं त्यांना. दहावीला क्रीडागुण मिळतात हेही भावाच्या कानावर घाला, वडील लोकांना ते लवकर कळतं.

आणि मुली कुठून आणायच्या? खो-खोच्या. आपल्या जिल्ह्यात खो-खोच्या पोरींना तोटा नाही. दिशा बदलून पळणं त्यांना शिकवावं लागत नाही, फक्त बॉलची भीती घालवायची. मी तीन वेळा अशीच टीम उभी केली. पहिल्या वर्षी सगळे सामने हरलो, एकात नऊ गोल खाल्ले. दुसऱ्या वर्षी दोन.

टॉवेलवाली_आत्या

उशिरा लिहितेय, मधे गड्ड्याच्या जत्रेची धामधूम होती.

शाळेत गेलो होतो. बाई चांगल्या आहेत, मैदान नाही म्हणाल्या. खो-खोच्या पाच मुली आणि गल्लीतल्या दोन, भाची धरून आठ. भावाच्या ओळखीनं एका गोडाऊनच्या मागची मोकळी जागा सकाळी सहा ते सात मिळाली आहे. गोलपोस्ट म्हणून सुताचे रिकामे बॉबिन ठेवतात. भाची अजून राइट बॅकच. बाकी सगळ्यांना पुढं खेळायचंय, मागं कुणी थांबायला तयार नाही, त्यावरून रोज भांडण. पीटीच्या बाई, तुम्ही एखाद्या रविवारी याल का? रिक्षा पाठवते.

टेबलावरचं चित्र तसंच आहे. शेजारी रेनारचं पण लावलंय, रंकाळ्याच्या दादांसाठी. आई रोज देवपूजा झाली की त्या खोलीत डोकावते. काल मला विचारत होती, "ती ब्राँझ म्हातारपणी परत संडरलँडला खेळायला जाईल का गं?"

मला काय ठाऊक. तुम्हाला काय वाटतं?